संपूर्ण बायबल एकसंध कसे अभ्यासावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी रोज बायबल वाचते. कितीतरी वचने पाठ आहेत, गोष्टी लहानपणापासून माहीत आहेत. पण अब्राहाम एकीकडे, दावीद दुसरीकडे, यशया कुठेतरी मध्येच आणि पौलाची पत्रे अगदीच निराळी, असे वाटत राहते. सगळे मिळून एक ग्रंथ म्हणून अभ्यास कसा करायचा? त्यासाठी हिब्रू-ग्रीक शिकावे लागेल का?"

भाषांचे आधी सांगते. हिब्रू किंवा ग्रीक येत असेल तर आनंदच आहे, पण तुम्ही विचारता त्या कामासाठी त्यांच्यावाचून अडत नाही. चांगले भाषांतर, समासात किंवा तळाला संदर्भवचने दिलेली प्रत, एक वही आणि रोज सलग अर्धा-पाऊण तास एवढे पुरते. मी बरीच वर्षे अभ्यासगट घेते आहे. माणसे भाषेपाशी क्वचितच अडतात, वाचण्याच्या सवयीपाशी मात्र हमखास अडतात. आज एक वचन, त्यावर मनन, प्रार्थना, आणि उद्या भलत्याच पुस्तकातले दुसरे वचन. मननाला मी कमी लेखत नाही, तो माझ्याही दिवसाचा भाग आहे. पण वर्षानुवर्षे फक्त तेवढेच केले, तर हजार वचने पाठ होतात आणि त्यातले एकही कुठल्या घडामोडीच्या मध्यावर उच्चारले गेले ते सांगता येत नाही.

या सवयीला छापील पानानेही हातभार लावला आहे. अध्याय आणि ओव्यांचे क्रमांक मूळ लेखकांचे नाहीत. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडितांनी पाडले असे मानले जाते, आणि नव्या कराराच्या ओव्यांना आज वापरात असलेले क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. जागा सापडायला सोय झाली, पण आकडा दिसला की थांबायचे हेही आपण शिकलो. दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत आपण यशया ५३ म्हणून ओळखतो, प्रत्यक्षात ते ५२:१३ लाच सुरू होते. १ करिंथ १३ हा प्रीतीचा अध्याय कृपादानांवरून चाललेल्या कुरबुरीच्या मधोमध, १२ आणि १४ यांच्यामध्ये आहे. तिथून उचलला की तो गोड उरतो, बोचत नाही. म्हणून पहिली सवय ही लावा: छोटे पुस्तक एका बैठकीत, मोठे पुस्तक मोठ्या तुकड्यांत. इफिसकरांस पत्र वीसेक मिनिटांत वाचून होते. मार्कचे शुभवर्तमान मोठ्याने वाचले तरी साधारण दीड तासात संपते. एकदा तरी तसे वाचाच.

आता मुख्य मुद्दा. बायबलमधली जोडणी बहुतेक ठिकाणी आपल्याला नव्याने करावी लागत नाही. ती बायबलच्या लेखकांनीच करून ठेवली आहे. नंतरचा लेखक आधीच्याला वाचत असतो, त्याचे शब्द उचलत असतो, त्याने दिलेल्या वचनाचे काय झाले ते विचारत असतो. आपण त्याच्या मागोमाग जायचे. मला माहीत असलेला सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच, आणि पुढे जे सांगते ते सगळे यातूनच निघाले आहे.

सुरुवात बायबलने स्वतः सांगितलेल्या सारांशांपासून करा. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही, की पूर्ण कथा थोडक्यात सांगणारे उतारे बायबलमध्येच आहेत, आणि तेही वेगवेगळ्या काळांतले. अनुवाद या पुस्तकात २६:५-९ मध्ये पहिले पीक घेऊन आलेला शेतकरी पाच ओव्यांत आपल्या लोकांचा इतिहास सांगतो. यहोशवा २४ मध्ये तोच इतिहास कराराच्या प्रसंगी येतो. स्तोत्र ७८, १०५ आणि १०६ तो गाऊन सांगतात. नहेम्या ९ मध्ये मंदिराची सेवा करणारे लेवी तो प्रार्थनेत मांडतात. प्रेषितांची कृत्ये ७ मध्ये स्तेफन न्यायसभेपुढे आणि १३ मध्ये पौल पिसिदियातील अंत्युखियाच्या सभास्थानात तो पुन्हा सांगतो. हे उतारे एका आठवड्यात वाचा आणि शेजारी शेजारी ठेवा. कोणी कुठून सुरुवात केली? काय वगळले? स्तोत्र १०५ आणि १०६ तर लागोपाठ आहेत, इतिहास जवळपास तोच आहे, पण एकात देवाचा विश्वासूपणा आहे आणि दुसऱ्यात लोकांचा विसराळूपणा. स्तेफन योसेफावर आणि मोशेवर जास्त वेळ घालवतो, कारण लोकांनी ज्यांना झिडकारले त्यांच्याच हातून देवाने सुटका केली हे त्याला दाखवायचे आहे. पौल मात्र दावीदावर येऊन थांबतो आणि तिथून थेट येशूकडे वळतो. हा आठवडा मन लावून केलात तर कथेचा कणा तुमच्या हाती येतो, आणि कथा सांगणारा प्रत्येक जण काहीतरी पटवून देत असतो हेही कळते.

याच कामासाठी मत्तयचा पहिला अध्याय मला फार मोलाचा वाटतो. बहुतेक जण ती वंशावळी चटकन उलटून टाकतात. पण १:१७ मध्ये मत्तय काय करतो पाहा: अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत (लोकांना बाबेलात पाडाव करून नेले तोपर्यंत) चौदा, बंदिवासापासून ख्रिस्तापर्यंत चौदा. जुन्या कराराचे तीन मोठे सांधे त्याने एका ओवीत ठेवले आहेत. अब्राहामाला दिलेले वचन (उत्पत्ती १२:१-३), दावीदाला दिलेले वचन (२ शमुवेल ७), आणि दोन्ही खोटी ठरली की काय असे वाटायला लावणारा बंदिवास. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांची नावे त्याने मुद्दाम घातली आहेत, त्यांच्या गोष्टीही पुन्हा वाचून काढा.

कणा मिळाला की काळाची ढोबळ चौकट लागते. पाठांतराचा बाऊ करू नका, तीन-चार सन लक्षात ठेवले तरी पुरतात. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलाचे उत्तरेचे राज्य अश्शूरच्या हाती पडले. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलने यरुशलेम आणि मंदिर उद्ध्वस्त केले. ५३८ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने परत जायची मोकळीक दिली. ५१६ पर्यंत दुसरे मंदिर उभे राहिले. हे कळले की संदेष्टे एकदम जागेवर बसतात. आपल्या बायबलमध्ये ते काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत, मोठी पुस्तके आधी आणि बारा लहान नंतर आहेत, त्यामुळे सलग वाचणारा गोंधळतो. आमोस आणि होशेय उत्तरेचे राज्य पडण्याआधीचे. यशया आणि मीखा यहूदात, त्याच शतकात. यिर्मया यरुशलेम पडताना शहरात होता, यहेज्केल त्याच वेळी बाबेलात. हाग्गय आणि जखऱ्या परतल्यानंतरचे, मंदिराचे काम रखडलेले असतानाचे. एज्रा ५:१ त्या दोघांची नावे घेते, २ राजे १४:२५ योनाचे नाव घेते, आणि यिर्मया २६:१८ मध्ये तर वडीलधारी माणसे शंभरएक वर्षांपूर्वीच्या मीखाचे वाक्य भर सभेत म्हणून दाखवतात. अशा जागा भेटल्या की दोन्ही पुस्तकांत एकमेकांचा क्रमांक टिपून ठेवा.

आता एक धागा तुमच्यासमोर उलगडून दाखवते, म्हणजे मागोमाग जाणे म्हणजे काय ते कळेल. यिर्मया २९:११ सगळ्यांना पाठ असते: देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, आशेचा भविष्यकाळ देण्याचे आहेत. हे वाक्य एका पत्रात आहे. यिर्मयाने ते यरुशलेमहून बाबेलात पाडाव करून नेलेल्या लोकांना पाठवले. पत्र सांगते: तिथे घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, त्या शहराचे कल्याण चिंता. आणि ११ व्या ओवीच्या अगदी आधी, १० व्या ओवीत अट आहे: सत्तर वर्षे भरल्यावर. ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकले त्यातले कित्येक जण परत जाण्याआधीच तिथे मरणार होते. वचन त्यांच्यासाठीही खरे होते, पण आपण समजतो तितके सोपे नव्हते. पुढे १२ ते १४ ओव्या म्हणतात: तुम्ही मला हाक माराल, माझी प्रार्थना कराल, आणि मी ऐकेन.

मग दानीएल ९ उघडा. बाबेलची सत्ता संपली आहे आणि म्हातारा दानीएल ग्रंथ वाचतो आहे. कोणते? ९:२ सांगते, यिर्मयाला आलेले सत्तर वर्षांचे वचन. ते वाचून तो हिशेब मांडत बसत नाही. उपास करतो, गोणपाट नेसतो आणि प्रार्थनेला लागतो. यिर्मया २९:१२ ने जे होईल म्हटले होते, नेमके तेच. आणि त्याच्या प्रार्थनेत काय आहे? स्वतःच्या आणि पूर्वजांच्या पापाची कबुली, आणि मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलेला शाप आमच्यावर आला हे वाक्य (९:११, १३). म्हणजे दानीएल यिर्मयाच्याही मागे गेला आहे. आपणही जाऊ. लेवीय २६ मध्ये करार मोडल्यास काय होईल याची यादी आहे. शेवटी देश ओस पडेल, लोक शत्रूंच्या देशात जातील, आणि न पाळलेले शब्बाथ, म्हणजे विसाव्याचे काळ, जमीन उपभोगील (२६:३४). पण ४० ते ४२ व्या ओव्यांत दारही उघडे ठेवले आहे: ते आपले आणि पूर्वजांचे पाप कबूल करतील तर याकोब, इसहाक आणि अब्राहाम यांच्याशी केलेला करार मी आठवीन. दानीएल गुडघ्यांवर आहे तो याच ओळींच्या आधारे.

२ इतिहास ३६:२१ हे दोन्ही धागे एका वाक्यात बांधते: यिर्मयाचे वचन पुरे व्हावे म्हणून, जमिनीने आपले शब्बाथ उपभोगीपर्यंत, सत्तर वर्षे. त्याच्या पुढच्याच ओवीत कोरेश येतो, आणि एज्रा १ त्याच शब्दांनी सुरू होते. इथे गोष्ट संपायला हवी होती ना? पण दानीएलाला उत्तर मिळते ते सत्तर वर्षांचे नसून सत्तर सप्तकांचे, म्हणजे सातांच्या सत्तर गटांचे (९:२४). आणि देशात परतल्यावर, तट बांधून झाल्यावरही, नहेम्या ९:३६ मध्ये लोक म्हणतात, तू आमच्या पूर्वजांना दिलेल्या या देशात आम्ही आज गुलाम आहोत. परत आलो, पण सुटका पुरी झालेली नाही. नवा करार उघडतो तो या अपुरेपणात. मत्तय १:१७ ने बंदिवासाचा सांधा का निवडला ते आता उमगते, आणि पाठ असलेले यिर्मया २९:११ लेवीयपासून मत्तयपर्यंत पसरलेल्या गोष्टीच्या मध्यावर उभे असलेले दिसते. एका वचनावर इतका वेळ घालवायला मी का सांगते, ते यातून कळले असेल.

दुसरे उदाहरण थोडे आवरते घेते. मत्तय २:१५ मध्ये होशेय ११:१ चे वचन आहे: मिसर देशातून मी आपल्या पुत्राला बोलावले. होशेय उघडून पाहिले तर तिथे भविष्यवाणी दिसत नाही, तो मागे वळून इस्राएलाच्या सुटकेची आठवण काढतो आहे, आणि पुढच्याच ओवीत तो पुत्र मूर्तींच्या मागे लागल्याचे दुःख आहे. मग मत्तयाने ते येशूला कसे लावले? इथे घाईने पान उलटू नका. निर्गम ४:२२ मध्ये देव इस्राएलाला आपला ज्येष्ठ पुत्र म्हणतो. तो पुत्र मिसरातून निघतो, पाण्यातून जातो, चाळीस वर्षे रानात असतो. मत्तय २ ते ४ मध्ये येशू मिसरातून येतो, बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यातून वर येतो, 'माझा पुत्र' अशी वाणी ऐकतो, आणि चाळीस दिवस रानात राहतो. सैतानाला तो जी तीन उत्तरे देतो ती तिन्ही अनुवाद ६ आणि ८ मधली, म्हणजे रानातल्या त्याच चाळीस वर्षांबद्दल बोलणाऱ्या अध्यायांतली. अनुवाद ८:५ तर स्पष्ट म्हणते की बाप पुत्राला शिस्त लावतो तशी देवाने तुला लावली. जिथे पहिला पुत्र ढळला तिथे हा टिकतो. मत्तय एका ओवीच्या आधाराने सगळी कथा पुढे करतो आहे. आणि त्याच प्रसंगात स्तोत्र ९१ मधल्या दोन ओव्या कोण म्हणतो? सैतान. वचन बरोबर आहे, फक्त त्याच्या जागेवरून तोडलेले आहे. येशूचे उत्तर असते: आणखी असेही लिहिले आहे. शास्त्र शास्त्राशेजारी ठेवायला मला याहून मोठा आधार नको.

लेवीयपाशी वाचन थांबते अशी तक्रार गटात दरवेळी येते. निर्गमचा शेवट नीट वाचला तर थांबत नाही. निवासमंडप उभा राहतो, देवाचे तेज तो भरून टाकते, आणि मोशेलाही आत जाता येत नाही (४०:३५). देव लोकांमध्ये राहायला आला, पण जवळ कोणी जाऊ शकत नाही. लेवीय या अडचणीचे उत्तर आहे. गणना १:१ मध्ये मोशे मंडपात आहे, म्हणजे वाट मोकळी झाली. मधल्या पुस्तकाचे हृदय १६ वा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस. तो आणि इब्री ९-१० एकाच बैठकीत वाचा.

आता सावधगिरीचे. जोडण्या दिसू लागल्या की प्रत्येक गोष्टीत जोडणी दिसू लागते. यरीहोत इस्राएली हेरांना लपवणाऱ्या राहाबेच्या खिडकीतला किरमिजी दोर म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, असे आपण ऐकतो. हा अर्थ फार जुना आहे, पहिल्या शतकाच्या अखेरच्या क्लेमेंटच्या पत्रातही तो आहे, आणि तो मानणाऱ्यांच्या भक्तीबद्दल मला आदर आहे. तरी मी तो शिकवत नाही. नव्या करारात राहाबेचे नाव तीनदा येते: मत्तय १:५, इब्री ११:३१, याकोब २:२५. वंशावळी, विश्वास, कृती यांबद्दल तिथे बोलले आहे, दोराबद्दल कोणी काही बोलत नाही. माझी कसोटी एवढीच: या दोन जागा जोडणारा बायबलचा कोणी लेखक आहे का? निदान शब्द आणि प्रसंग दोन्ही जुळतात का? नुसता रंग किंवा आकडा जुळत असेल तर वहीत प्रश्नचिन्हासह लिहा आणि त्यावर शिकवण उभारू नका.

तसेच सगळीच पुस्तके एकाच कण्यात सारखी बसत नाहीत, आणि ती ओढूनताणून बसवू नयेत. ईयोब, नीतिसूत्रे आणि उपदेशक यांत अब्राहामाचे वचन, मिसरातून सुटका, सीनायचा करार यांचा उल्लेखही नाही. ही पुस्तके उत्पत्ती १ शी बोलतात: देवाने घडवलेल्या जगात माणसाने शहाणपणाने कसे जगावे, आणि ते जग कळेनासे झाले तर काय करावे. नीतिसूत्रे ८ आणि ईयोब ३८ सृष्टीच्या कथेशेजारी वाचून पाहा.

जुन्या कराराची पुस्तके यहुदी परंपरेत वेगळ्या क्रमाने लावली आहेत हेही माहीत असावे: नियमशास्त्र, संदेष्टे, लेख. लूक २४:४४ मध्ये येशू साधारण हीच विभागणी बोलून दाखवतो. छापील हिब्रू बायबल सहसा इतिहासाच्या पुस्तकाने संपते, म्हणजे यरुशलेमला वर जाण्याच्या कोरेशच्या हाकेने. आपले मलाखीने, म्हणजे एलीयाच्या येण्याच्या वचनाने संपते, आणि पान उलटले की काही अध्यायांतच बाप्तिस्मा करणारा योहान येतो. क्रम बदलला की पुढची अपेक्षा बदलते.

वेळापत्रक विचाराल तर: छासष्ट पुस्तकांच्या बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत, रोज तीन-चार वाचले तर वर्ष लागते. पण पहिल्याच फेरीत सगळे वाचायचा हट्ट नको. आधी कथा पुढे नेणारी पुस्तके घ्या: उत्पत्ती, निर्गम, गणना, यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे यांची दोन-दोन पुस्तके, एज्रा, नहेम्या, लूक, प्रेषितांची कृत्ये. दुसऱ्या फेरीत बाकीची त्यांच्या जागी घाला. स्तोत्र ५१ हे २ शमुवेल ११-१२ नंतर वाचले की त्याचा सूर वेगळा लागतो. वहीत प्रत्येक पुस्तकाला एक पान द्या: हे कोणत्या परिस्थितीत, कोणाला सांगितले, याने आधीचे काय उचलले, याचे नंतर कोणी काय उचलले. शेवटच्या रकान्यासाठी अर्धे पान कोरे सोडा, तो वर्षानुवर्षे भरत राहतो.

टीकाग्रंथ स्वतः वाचून झाल्यावर उघडा, आधी उघडलेत तर त्याचेच डोळे तुम्हाला लागतात. आणि काही जागा सुटणार नाहीत. दानीएल ९ मधल्या सत्तर सप्तकांचा हिशेब श्रद्धावान आणि विद्वान माणसे शतकानुशतके वेगवेगळा मांडत आली आहेत. तिथे महिनाभर अडकू नका. प्रश्न तारखेसह त्या पानावर लिहा आणि होशेयला लागा.